सात हजारांत गाडीला रंग : घरच्या अंगणात, रोलरने



आजचा विषय साधा आहे. जुनी गाडी, तोकडे बजेट आणि घरचे अंगण. एवढ्यावर गाडीला रंग देता येतो का? येतो. आमच्या २००७ सालच्या पांढऱ्या मारुती ८०० ला मी मागच्या नोव्हेंबरात दिला. एकूण खर्च आला ७,३८० रुपये. हे काम कसे केले, पैसे कुठे वाचवले आणि कुठे अजिबात वाचवायचे नसतात, हे आज सांगणार आहे. तुमच्यापैकी कोणी बडोद्याला असेल, कोणी हैदराबादला, कोणी ग्वाल्हेर किंवा बंगळूरला. हवा प्रत्येकाची वेगळी, पण पत्रा आणि गंज सगळीकडे सारखेच.

माझी नोकरी पायदळातली. बटालियनमध्ये काही काळ मी एमटीओ होतो, म्हणजे युनिटच्या गाड्या माझ्याकडे. वार्षिक तपासणी जवळ आली की गाड्यांना रंग लागायचा. त्या दिवसांत एमटीच्या आवारात गेलात तर रंग लावणारा एखादाच जवान दिसे आणि घासणारे दहा. तेच प्रमाण डोक्यात ठेवा. रंगकामातले बहुतेक काम रंग लावण्याआधी संपलेले असते.

आता निवृत्त होऊन महूला राहतो. या गाडीच्या रंगासाठी दोन ठिकाणी विचारले होते. एकाने २८,००० सांगितले, दुसऱ्याने ४२,०००. दोघांचेही दर गैर नव्हते, कारण त्यात चार माणसांची आठवडाभराची मजुरी होती. पण गाडी विकायला काढली तर चाळीस हजारसुद्धा येतील की नाही अशी तिची स्थिती. तिला ४२,००० चा रंग देणे हिशेबात बसत नव्हते. आणि रंग न देणेही परवडणारे नव्हते. छताचे पोपडे सुटत होते, दाराच्या खालच्या कडेला गंज धरला होता. गंज रोज थोडा थोडा पत्रा खातो. २०२७ मध्ये गाडीला फेरनोंदणीसाठी फिटनेसला जायचे आहे. तोवर पत्रा टिकवायचा होता.

सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की तुमच्या गाडीला रंगाची खरेच गरज आहे का? फिकट पडलेल्या जागेवर पाणी ओता. ओला असताना रंग पुन्हा गडद आणि चमकदार दिसला, तर बहुधा फक्त वरचा पापुद्रा मेलेला आहे. रबिंग कंपाउंड आणि दोन तास हात चालवणे, एवढ्यावर काम भागेल. पाणी टाकूनही डाग तसेच राहिले, पोपडे सुटत असतील किंवा गंज दिसत असेल, तर मात्र रंग द्यावा लागेल.

दुसरी परीक्षा स्क्रूड्रायव्हरची. गंजलेल्या जागी टोकाने दाबून पाहा. दाराच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी, काचेच्या रबराखालची जागा, बॅटरीचा ट्रे, पायाखालचा पत्रा. टोक आत गेले तर ते रंगाचे काम नाही, वेल्डिंगचे आहे. भोकावर पुट्टी भरून वर रंग मारला की सहा महिने छान दिसते आणि आतून पत्रा खचत राहतो. अशी गाडी उद्या तुमचा मुलगा चालवणार असेल किंवा कोणी विश्वासाने विकत घेणार असेल. म्हणून वेल्डिंग आधी, रंग नंतर.

कारखान्यात गाडीला गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि बहुतेक गाड्यांवर सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर देतात. हे सगळे मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. एवढ्या पातळ थरामागे पत्र्यावरचा ओरखडा, खड्डा, धुळीचा कण काहीही लपत नाही. उलट चमक आली की दोष जास्त उठून दिसतात. म्हणून रंगाचा डबा महागातला घेतला तरी कच्च्या तयारीला तो वाचवू शकत नाही.

वेळेचे हे गणित जुने आहे. शंभर वर्षांपूर्वी गाड्यांना ब्रशने वार्निशसारखे रंग देत आणि ते वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळायची. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा, स्प्रेने मारायचा रंग ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे अजूनही स्प्रेच्या रंगाला 'ड्युको' म्हणतात ते त्यामुळे. कारखान्याला वेळ महाग असतो. निवृत्त माणसाकडे किंवा शनिवार-रविवार मोकळा असणाऱ्याकडे तोच स्वस्त असतो. घरच्या रंगकामात आपण रुपयांऐवजी तास मोजतो, बाकी जादू काही नाही.

आता रंग कोणता? बाजारात तीन वाटा आहेत.

पहिली पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. रंग आणि हार्डनर मिसळून मारतात. चमक आणि टिकाऊपणा सगळ्यांत चांगला. ही वाट घरी धरू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कामातून जडणाऱ्या दम्याचे ते जगभर माहीत असलेले कारण आहे. धोक्याइतके प्रमाण हवेत असले तरी त्याचा वास येईलच असे नाही, म्हणून नाकाला इशारा मिळत नाही. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही दम उसळू शकतो. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारे बूथ असेल तिथेच हे काम करायचे असते. आपल्या बाजारात तोंडाला गमछा बांधून पीयू मारणारी पोरे तुम्ही पाहिली असतील. गमछा रंगाचा थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. गॅरेजमध्ये काम देणार असाल तर बूथ आणि मुखवटा आहे का, हे जरूर विचारा. त्यासाठी दोन हजार जास्त मागितले तर द्या. ते पैसे कोणाच्या तरी फुप्फुसाचे आहेत.

दुसरी वाट एनसी, म्हणजे तोच नायट्रोसेल्युलोज. यात हार्डनर नाही, थिनर उडाला की रंग वाळला. चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. पण कॉम्प्रेसर आणि गन लागते, थिनर फार ज्वलनशील आणि फवारा शेजाऱ्याच्या गाडीपर्यंत जातो. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. स्वतंत्र बंगला, कोरडी हवा आणि गन चालवण्याचा सराव असेल तरच याचा विचार करा.

तिसरी वाट सिंथेटिक इनॅमल, तोच जो आपण फाटकाला आणि खिडकीच्या गजांना देतो. पातळ करून, फोमच्या रोलरने, अनेक पातळ हातांत द्यायचा आणि मधे मधे पाण्याने घासायचा. कॉम्प्रेसर नाही, फवारा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. मी ही वाट घेतली. तिच्या मर्यादाही सांगतो. कारखान्याच्या रंगाइतका तो कठीण होत नाही, उन्हात लवकर निस्तेज होतो आणि पांढरा असेल तर काही वर्षांत पिवळसर पडतो. रोज उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात फिरवायची तयारी ठेवा. मेटॅलिक रंगाला ही पद्धत चालत नाही, कारण त्यातले चमकीचे कण रोलरने सारखे बसत नाहीत. पांढरा, लाल, निळा, काळा असे सपाट रंगच घ्या. पांढरा सगळ्यांत सोपा, काळा सगळ्यांत कठीण, कारण त्यात प्रत्येक लाट दिसते.

आणखी एक, इनॅमलवर पुढे कधी एनसी मारू नका. त्याचा थिनर खालचा इनॅमल उचलतो आणि सुरकुत्या पडतात. पुढे गॅरेजमध्ये रंग द्यायचा झाला तर खाली इनॅमल आहे हे त्यांना आधी सांगा.

हवेचे म्हणाल तर इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. थंडी आणि दमट हवा दोन्ही त्याला मंद करतात. माळव्यात आणि दख्खनच्या पठारावर दिवाळीनंतरचा काळ किंवा फेब्रुवारी चांगला. दिल्ली, कानपूर, पाटणा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीचे धुके टाळा, फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च घ्या. किनाऱ्यावर असाल तर हिवाळ्यातले कोरडे दिवस निवडा, आणि सकाळचे दव पुसून, ऊन चढल्यावर काम सुरू करा. पावसाळ्यात कुठेच नको. रंग सावलीत द्यायचा. तापलेल्या पत्र्यावर तो पसरायच्या आत ओढला जातो.

आता तयारी. माझे एकूण सुमारे ७० तास लागले. त्यातले ४६ तयारीत गेले.

पहिला दिवस धुण्याचा. भांड्यांच्या साबणाने गाडी दोनदा धुवा, म्हणजे जुने मेण आणि तेलकटपणा निघेल. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला तर रंग तिथे धरत नाही आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. घासायच्या आधी हे करायचे. नंतर केले तर तोच अंश ओरखड्यांत खोल बसतो.

मग नंबर प्लेट, दिवे, हँडल, वायपर, जे सुटते ते सोडवा. स्क्रू डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावा. जे सुटत नाही त्याला मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र. टेप चांगली घ्या. स्वस्त टेपेचा गोंद काचेवर राहतो आणि कडेने रंग आत झिरपतो.

गंजाच्या जागा ८० किंवा १२० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. कोपऱ्यांत राहिलेल्या डागांवर फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंजनाशक लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून कोरडे करा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. म्हणून एका वेळी एकच भाग हाती घ्यायचा. आज बोनेट, उद्या डावे दार. मी झिंक फॉस्फेटचा प्रायमर वापरला, रेड ऑक्साइडही चालतो. जुन्या पद्धतीचा पिवळा झिंक क्रोमेट मात्र नको. त्यातले क्रोमियम कर्करोगाला कारण ठरते.

खड्ड्यांना पॉलिस्टर पुट्टी. साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर. दहा-पंधरा मिनिटांत ती आवळते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. पुट्टी पाणी शोषते, तेव्हा तिला कोरडेच घासायचे आणि मग प्रायमरने बंद करायचे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती पुट्टीने बुजवू नका. बुजली की पाणी आत साठते आणि दार आतून सडते.

सपाटी डोळ्यांनी कळत नाही, तळहाताने कळते. पातळ सुती फडके पत्र्यावर ठेवा, डोळे मिटा आणि त्यावरून तळहात लांब लांब फिरवा. उंचवटा लगेच लागतो. आमच्या एमटीतला एक हवालदार असाच हात फिरवून जवानांनी भरलेले खड्डे शोधायचा. त्याच्या हातातून एकही सुटत नसे.

बाकी शाबूत रंगावर ४०० आणि मग ६०० चा वॉटर पेपर, पाणी घालत. चमक पूर्ण मेली पाहिजे. जिथे चमक राहते तिथून नवा रंग सुटतो. पाण्याने घासण्याचे आणखी एक कारण आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्याआधीच्या रंगाचा हात गाडीवर असेल तर शिसे असू शकते. पाण्याने घासले की धूळ उडत नाही. नातवंडांना त्या जागेपासून लांब ठेवा आणि तो चिखल बागेत ओतू नका.

आता रंग. तो गाळून घ्या, जुना नायलॉनचा मोजा उत्तम चालतो. टर्पेंटाइन घालत घालत दुधाइतका पातळ करा. परीक्षा अशी, की रोलर फिरवल्यावर बुडबुडे येतील आणि एका मिनिटात आपोआप फुटतील. फुटले नाहीत तर रंग घट्ट आहे. दारावरून ओघळ आले तर फार पातळ झाला. सुरुवात छतापासून करा, कारण तिथे कोणाची नजर जात नाही आणि हात बसतो. चार इंची, बारीक छिद्रांचा फोम रोलर. दाबायचा नाही. शेवटचा हात रोलरच्या नुसत्या वजनाने, एकाच दिशेने. छत, बोनेट किंवा दार एकदा सुरू केले की मधे चहाला जायचे नाही, जोड दिसतो.

पहिल्या हातानंतर गाडी भयंकर दिसेल. खालचे सगळे डाग वर दिसतील. घाबरून जाड हात देऊ नका. दिवसाला एकच पातळ हात. दर दोन हातांनंतर ८०० च्या वॉटर पेपरने हलके घासायचे. तिसऱ्या-चौथ्या हाताला रंग भरू लागतो. मी सहा हात दिले. पांढऱ्याला सहा पुरतात, लालला आठ लागू शकतात. मग दहा दिवस गाडी झाकून, सावलीत नुसती उभी. या दहा दिवसांचा खर्च शून्य, पण बहुतेकांना हाच जड जातो. नंतर १,०००, १,५०० आणि २,००० नंबरचे पेपर भरपूर पाणी घालून, आणि शेवटी कंपाउंड. कडांना टेप लावून घासा, तिथला थर लवकर उडतो. मेणाचे पॉलिश महिन्यानंतर.

टर्पेंटाइनसुद्धा निरुपद्रवी नाही. काम उघड्या हवेत करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस असलेला मुखवटा घ्या. कापडी किंवा कोविडच्या वेळचा मास्क इथे कामाचा नाही. जवळ बिडी, गॅस, देवघरातली समई काही नको. वाफा जमिनीलगत सरपटत लांब जातात. इनॅमलने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता हिशेब. वॉटर पेपर ९०० रुपये, पुट्टी ४००, गंजनाशक २५०, प्रायमर ४५०, तीन लिटर इनॅमल १,०५०, टर्पेंटाइन ७५०, रोलर आणि ट्रे ५००, मास्किंग टेप ४८०, कंपाउंड आणि मेण ७००, मुखवटा, हातमोजे, चष्मा १,९००. बेरीज ७,३८०. तुमच्या गावात दर थोडे इकडेतिकडे होतील. पण एक पाहा, रंगावर खर्च झाला १,०५० आणि स्वतःच्या नाका-डोळ्यांवर १,९००. हे प्रमाण बदलू नका. काटकसर करायची तर रोलर धुऊन पुन्हा वापरा, मेण साधे घ्या. मुखवटा, प्रायमर आणि टेप या तीन गोष्टींत हात आखडायचा नाही.

२८,००० च्या तुलनेत वाचले २०,६२०. सत्तर तासांनी भागले तर तासाला साधारण २९५ रुपये. ज्याचा तास यापेक्षा महाग आहे किंवा ज्याचे गुडघे, पाठ साथ देत नाहीत, त्याने गॅरेजमध्ये जावे. त्यात कमीपणा नाही. मधला मार्गही आहे. गंज काढणे आणि घासणे तुम्ही करा, शेवटचा रंग बूथमध्ये द्या. बोलून पाहिलेत तर मजुरीत सूट मिळते.

शेवटी कागदपत्रे. जो रंग आरसीवर आहे तोच देणार असाल तर काही करायचे नाही. रंग बदलणार असाल तर तो आरटीओकडे नोंदवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही कळवा. ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे आमचा फौजी हिरवा, खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच ठेवतो. जीपवाल्या तरुणांनी हे विशेष ऐकावे. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर तुमच्या राज्यात फेरनोंदणीचे नियम काय आहेत ते आधी पाहा. दिल्ली आणि आसपासच्या भागात ते जास्त कडक आहेत. गाडी रस्त्यावर राहणार असेल तरच रंगाला हात घाला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी या रविवारी एवढेच करावे. गाडी धुवा, पाण्याची आणि स्क्रूड्रायव्हरची परीक्षा घ्या आणि जे दिसेल ते वहीत लिहा. रंगाच्या दुकानात त्यानंतर जायचे. भंगारातून जुना पत्रा किंवा दार मिळाले तर पहिला रोलर त्यावर फिरवा.

 जय हिंद.